प्रतिपिंडांना पकडणारी प्रतिपिंडे

घटसर्प या रोगाचे नाव तुम्ही आपल्या लहानपणीच्या लसीकरणाच्या कार्डावर वाचले असेल. त्या रोगाचा रोगी मात्र तुमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल, आणि ते चांगलेच आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी होती. मुलाच्या घशात करड्या रंगाचा चिवट पडदा धरे, श्वास कोंडू लागे आणि जंतूंचे विष रक्तात भिनून हृदय दुबळे होई. डॉक्टर उशाशी बसून राहत. त्यांच्या हाती फारसे काही नसे.

१८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग हा जर्मन आणि शिबासाबुरो कितासातो हा जपानी अशा दोघा शास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. एखाद्या प्राण्याला धनुर्वाताचे किंवा घटसर्पाचे विष सोसण्याची सवय लावली, आणि मग त्याच्या रक्तातला रक्तरस काढून दुसऱ्या प्राण्याला टोचला, तर तो दुसरा प्राणीही त्या विषापासून वाचतो. रक्तरस म्हणजे रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहते ते. डॉक्टर त्याला सीरम म्हणतात. या पाण्यात विष निकामी करणारे काहीतरी तयार झालेले असते. त्या ‘काहीतरी’लाच आज आपण प्रतिपिंडे म्हणतो. पुढे १८९४ सालापासून घोड्यांकडून असा रक्तरस मोठ्या प्रमाणावर मिळवण्यात येऊ लागला आणि हजारो मुले मरणाच्या दारातून परत आली. १९०१ साली वैद्यकाचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक बेरिंगला मिळाले ते याच कामाबद्दल.

पण या औषधाची एक तक्रार होती. टोचल्यानंतर आठ-दहा दिवसांनी काही मुलांना ताप येई, अंगावर पित्तासारख्या गांधी उठत, सांधे सुजत. रोग तर बरा झालेला, मग हे काय नवीन? क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या दोघा डॉक्टरांनी १९०५ साली या दुखण्यावर एक पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की हा त्रास घटसर्पाचा नव्हे. तो घोड्याच्या रक्तरसाचा आहे. घोड्याची प्रथिने मुलाच्या शरीराला परकी. शरीराने त्यांना जंतूंसारखेच शत्रू मानले आणि त्यांच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे तयार केली. जी घोड्याची प्रतिपिंडे मुलाला वाचवायला आली होती, त्यांच्यावरच मुलाची प्रतिपिंडे तुटून पडली!

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. एका प्राण्याच्या प्रतिपिंडांवर दुसऱ्या प्राण्याची प्रतिपिंडे चिकटतात. डॉक्टरांना जी गोष्ट डोकेदुखी वाटली, तीच पुढे प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांच्या हातातले एक अत्यंत उपयोगी हत्यार बनली. ते हत्यार कसे चालते, तेच आज आपल्याला पाहायचे आहे.

दोन हात आणि एक शेपूट

प्रतिपिंड हे एक प्रथिन आहे. इंग्रजीतले ‘वाय’ हे अक्षर किंवा तुमच्या गलोलीचे बेचके डोळ्यांपुढे आणा; रक्तातल्या सर्वसाधारण प्रतिपिंडाचा आकार तसाच असतो. बेचक्याचे दोन हात असतात, त्यांच्या टोकांना शत्रूला पकडणाऱ्या जागा असतात. खाली मूठ असते, तिला आपण शेपूट म्हणू. इंग्लंडमधील रॉडनी पोर्टर आणि अमेरिकेतील जेराल्ड एडेलमन यांनी ही रचना उलगडली आणि त्याबद्दल दोघांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पोर्टरने यासाठी काय वापरले असेल? पपईच्या चिकातले पपेन! मांस मऊ करायला आपल्याकडे कच्ची पपई लावतात, ती त्यातल्या याच पाचक द्रव्यामुळे. पपेनने प्रतिपिंडाचे हात वेगळे आणि शेपूट वेगळे असे तुकडे पडतात.

आता यातली खुबी पाहा. एकाच सशाच्या शरीरात लाखो प्रकारची प्रतिपिंडे असतात. कोणी एका जंतूला धरील, कोणी दुसऱ्याला. त्यांच्या हातांची टोके प्रत्येकी वेगळी. परंतु शेपूट मात्र ठरावीक साच्यांचे. सशाचे शेपूट सशाच्या घडणीचे, उंदराचे उंदराच्या, माणसाचे माणसाच्या. एखाद्या शाळेतील मुलांचे चेहरे निरनिराळे असतात पण गणवेश एकच असतो, तसेच काहीसे हे आहे. गणवेश पाहून मूल कोणत्या शाळेचे ते कळते. शेपूट पाहून प्रतिपिंड कोणत्या प्राण्याचे ते कळते.

हा गणवेश ओळखतो कोण? दुसरा प्राणी. सशाची शुद्ध प्रतिपिंडे एखाद्या शेळीला टोचली, तर शेळीच्या शरीराला ती परकी वाटतात. काही आठवड्यांनी शेळीच्या रक्तात सशाच्या प्रतिपिंडांना धरणारी प्रतिपिंडे दिसू लागतात. सशाची ती पहिली प्रतिपिंडे आणि शेळीची ती दुय्यम प्रतिपिंडे, असे त्यांना म्हणतात. ‘दुय्यम’ या शब्दावरून ती कमी प्रतीची असतात असे मात्र समजू नका. ती दुसऱ्या क्रमांकाने येतात, एवढाच त्याचा अर्थ.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर आपल्याकडे जे प्रतिविष देतात, तेही घोड्यांपासूनच मिळवतात. मुंबईची हाफकिन संस्था तुम्हाला ठाऊक असेल. तिच्या नावाशी हे काम फार वर्षांपासून जोडलेले आहे. घोड्याच्या प्रतिपिंडांचा रोग्याला त्रास होऊ नये म्हणून हे प्रतिविष बनवताना पेप्सिन वापरून त्यांची शेपटेच काढून टाकतात आणि विष धरणारे दोन हात तेवढे ठेवतात. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरातलेच पाचक द्रव्य. शेपूट गेले की परकेपणाचा मोठा भाग गेला.

कूम्ब्सची युक्ती

दुय्यम प्रतिपिंडांनी पहिला मोठा पराक्रम गाजवला तो १९४५ साली, इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे. त्या वेळी एका कोड्याने डॉक्टरांना हैराण केले होते. काही नवजात बालकांच्या तांबड्या रक्तपेशी जन्मतःच भराभर नष्ट होत. आईचे रक्त आऱ्एच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असले, तर आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जाऊन त्याच्या पेशींना चिकटतात, असा अंदाज होता. पण परीक्षानळीत पाहावे तर पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होत नसत. प्रतिपिंडे पेशींवर बसलेली असत, पण दोन पेशींना एकत्र बांधायला ती अपुरी पडत. डोळ्यांना काहीच दिसत नसे.

रॉबिन कूम्ब्स या तरुण शास्त्रज्ञाला यावर तोड सुचली. सशाला माणसाची ग्लोब्युलिन प्रथिने टोचायची, म्हणजे सशाच्या रक्तरसात माणसाच्या प्रतिपिंडांना धरणारी प्रतिपिंडे तयार होतील. बाळाच्या पेशी स्वच्छ धुवायच्या आणि त्यांवर हा सशाचा रक्तरस घालायचा. पेशींवर आईची प्रतिपिंडे असतील, तर सशाचे प्रतिपिंड एका हाताने या पेशीवरचे शेपूट धरील आणि दुसऱ्या हाताने त्या पेशीवरचे. झाले! पेशींच्या गुठळ्या डोळ्यांना दिसू लागल्या. कूम्ब्स, आर्थर मूरंट आणि रॉब रेस या तिघांनी ही चाचणी प्रसिद्ध केली. (कार्लो मोरेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने हेच तत्त्व १९०८ सालीच सांगितले होते, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. विज्ञानात असे पुष्कळदा होते.) आजही रक्तपेढ्यांमध्ये ‘कूम्ब्स चाचणी’ रोज केली जाते.

यात पेशी धुण्याला फार महत्त्व आहे. न धुतलेल्या पेशींभोवती रक्तरसातली इतर मोकळी प्रतिपिंडे पोहत असतात. ती सशाच्या प्रतिपिंडांचे हात आधीच अडवून ठेवतात आणि चाचणी खोटीच ‘नाही’ म्हणते. पकडायचे ते पकडा, बाकीचे धुऊन टाका, हा धडा इथूनच सुरू होतो.

गर्दीतून एकाला उचलायचे कसे?

प्रतिपिंडे शुद्ध करायची म्हणजे कशातून बाजूला काढायची, ते आधी पाहू. माणसाच्या एक मिलिलिटर रक्तरसात साधारण दहा मिलिग्रॅम प्रतिपिंडे असतात. एका प्रतिपिंडाचा रेणुभार सुमारे दीड लाख आहे. अकरावीत ॲव्होगाड्रोची संख्या शिकलात की गणित स्वतः करून पाहा. उत्तर येईल ४ आणि त्यावर १६ शून्ये, म्हणजे चारशे कोटी गुणिले एक कोटी! पण ही सगळी प्रतिपिंडे एकटी नसतात. त्याच एक मिलिलिटरमध्ये त्यांच्या तीन-चारपट अल्ब्युमिन असते, शिवाय लोह वाहणारे, मेद वाहणारे, आणखी शेकडो प्रकारचे प्रथिन असते.

जुनी रीत मिठाची होती. रक्तरसात अमोनियम सल्फेट विरघळवत गेले, की पाण्यासाठी ओढाताण सुरू होते. हे मीठ पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे ओढून घेते आणि प्रतिपिंडे उघडी पडून साका होऊन खाली बसतात. ही रीत स्वस्त आहे, मोठ्या पिंपांतही करता येते, आणि म्हणून आजही कारखान्यांत तिचा उपयोग होतो. पण तिने निव्वळ प्रतिपिंडे मिळत नाहीत. बाजारातून आणलेली भाजी धुऊन घ्यावी, एवढेच ते शुद्धीकरण.

दुसरी रीत विजेची. १९३९ साली स्वीडनमधील उप्साला येथे आर्ने टिसेलियस आणि अमेरिकेहून आलेला एल्विन कॅबट यांनी सशाच्या रक्तरसातून वीजप्रवाह सोडला. निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या वेगाने सरकली आणि आलेखावर त्यांचे उंचवटे दिसले. शेवटच्या, म्हणजे गॅमा नावाच्या उंचवट्यातच प्रतिपिंडे असतात, हे त्यांनी सिद्ध केले. प्रतिपिंडे कुठे असतात हे या प्रयोगाने कळले खरे, पण ती हाताला येण्यासाठी वेगळीच युक्ती लागणार होती.

ती युक्ती म्हणजे गळ. मासे पकडणारा तलावातले सगळे पाणी उपसत नाही. गळाला योग्य आमिष लावतो आणि हवा तोच मासा ओढून घेतो. १९५१ साली अमेरिकेत कॅम्पबेल, ल्युशर आणि लर्मन यांनी सेल्युलोजला, म्हणजे कापसात असते त्या द्रव्याला, एक प्रथिन पक्के जोडले आणि त्या प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडे रक्तरसातून उचलून दाखवली. कल्पना उत्तम होती. पण सेल्युलोज काही चांगला गळ नव्हे. नको ती प्रथिनेही त्याला चिकटत आणि द्रव नीट वाहत नसे.

चायना ग्रासचे मणी

उन्हाळ्यात आई दुधात चायना ग्रास घालून थरथरणारी जेली करते, ती तुम्ही खाल्ली असेल. हे चायना ग्रास म्हणजे समुद्रातल्या तांबड्या शेवाळांपासून काढलेले आगर. या आगरचा एक शुद्ध भाग म्हणजे अ‍ॅगरोज. त्याचे बारीक मणी करता येतात. एकेक मणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीएवढा किंवा थोडा मोठा. पण तो भरीव नसतो. स्पंजासारखी त्याला आत छिद्रे असतात, आणि ती एवढी मोठी असतात की प्रतिपिंडे त्यांतून सहज आतबाहेर करू शकतात. शिवाय अ‍ॅगरोजला प्रथिने आपोआप चिकटत नाहीत. सेल्युलोजचे दोन्ही दोष गेले!

पण जे काही आपोआप चिकटत नाही, त्याला आमिष तरी बांधायचे कसे? १९६७ साली उप्साला येथेच जेर्कर पोराथ आणि त्याचे सहकारी यांनी सायनोजेन ब्रोमाइड वापरून हा प्रश्न सोडवला. हे रसायन अतिशय विषारी आहे, पण ते मण्याच्या पृष्ठभागावर असे काही ‘आकडे’ तयार करते की प्रथिन त्यांत कायमचे अडकून बसते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्वात्रेकासास, विल्चेक आणि अनफिन्सेन यांनी या मण्यांवर निरनिराळी आमिषे लावून शुद्धीकरणे केली आणि या सर्व पद्धतीला आकर्षणाचे, म्हणजे ‘ॲफिनिटी’चे नाव दिले.

आता आपल्या कामाला लागू. समजा एका प्रयोगशाळेत सशाची प्रतिपिंडे शुद्ध करायची आहेत. मण्यावर आमिष म्हणून शेळीची दुय्यम प्रतिपिंडे जोडायची. जोडून झाल्यावर मण्यांवर काही आकडे रिकामे राहतात. तसेच ठेवले तर उद्या त्यांत भलतेच प्रथिन अडकेल. म्हणून ग्लायसिनसारखा एखादा छोटा रेणू घालून ते बुजवून टाकतात.

तयार मणी काचेच्या एका उभ्या नळीत भरतात. खाली तोटी, तोटीवर मणी अडवणारी बारीक जाळी. हा झाला स्तंभ. प्रथम त्यातून रक्ताइतकेच खारट आणि आम्ल-अल्कता बेताची असणारे मिठाचे पाणी सोडतात. मग वरून सशाचा रक्तरस हळूहळू, थेंब थेंब सोडायचा. घाई केली तर फजिती होते. प्रतिपिंडाला मण्याच्या आत शिरून आपला जोडीदार शोधायला वेळ लागतो. धारच सोडली तर निम्मी प्रतिपिंडे न भेटताच निघून जातील.

रक्तरस उतरला की धुणे सुरू. मिठाचे पाणी एकसारखे सोडत राहायचे. अल्ब्युमिन जाते, बाकीची प्रथिने जातात. ती सगळी गेली हे कसे ओळखायचे? नळीतून बाहेर पडणारे पाणी तर नितळच दिसते. यासाठी जंबुपार किरण उपयोगी पडतात. २८० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण प्रथिने शोषून घेतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यातून हे किरण सोडून किती शोषले जातात ते यंत्रावर पाहत राहायचे. काटा शून्याच्या जवळ येऊन स्थिरावला, की समजावे नको ती मंडळी गेली. सशाची प्रतिपिंडे मात्र शेळीच्या प्रतिपिंडांनी शेपटांना घट्ट धरून ठेवलेली आहेत.

पकड सोडवायची कशी?

इथे खरी कसोटी लागते. पकड सोडवली पाहिजे, पण प्रतिपिंड मोडता कामा नये. दोन प्रतिपिंडांमधली पकड ही एखाद्या गाठीसारखी नसते. आकार एकमेकांत बसणे, विद्युतभारांची ओढ, पाण्यापासून दूर राहण्याची काही भागांची धडपड अशा अनेक लहान लहान ओढींची ती बेरीज असते. आम्ल घातले की विद्युतभार बदलतात, आकार किंचित ढळतो आणि पकड सुटते. म्हणून आम्ल केलेले ग्लायसिनचे द्रावण सोडतात. त्याचे पीएच मूल्य अडीच ते तीन असते. लिंबाचा रसही जवळपास तितकाच आंबट.

आणि लिंबाने दुधाचे काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे! प्रथिनांना आम्ल मानवत नाही. प्रतिपिंडे आम्लात फार वेळ राहिली तर त्यांची घडी उलगडते, ती एकमेकांत गुंतून निरुपयोगी होतात. महिनोन् महिने प्राणी सांभाळून मिळवलेला माल दहा मिनिटांच्या दुर्लक्षाने वाया जाऊ शकतो. म्हणून कुशल संशोधक एक साधी तयारी आधीच करून ठेवतो. थेंब ज्या परीक्षानळ्यांत झेलायचे, त्यांच्या तळाशी अल्कधर्मी ‘ट्रिस’ द्रावणाचा मोजका थेंब अगोदरच टाकलेला असतो. प्रतिपिंड खाली पडते न पडते तोच आम्ल मरते. एवढ्या मोठ्या यंत्रसामग्रीत मला स्वतःला सर्वांत आवडतो तो हा तळाचा थेंब.

आता यंत्राचा काटा पुन्हा वर चढतो. एक उंच, अरुंद उंचवटा आलेखावर उमटतो. त्या नळ्या वेगळ्या ठेवायच्या. प्रतिपिंडे शुद्ध झाली का हे पाहण्यासाठी ती मोकळी करून विजेच्या साहाय्याने एका जेलीतून पळवतात. शुद्ध असतील तर दोनच ठळक पट्टे दिसतात. एक पन्नास हजार रेणुभाराचा आणि एक पंचवीस हजाराचा, कारण प्रतिपिंड दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचे बनलेले असते. बेरीज करा, दीड लाख येते की नाही?

घरी हे करता येणार नाही, पण याची नक्कल करता येईल. वाळूत थोडा लोखंडाचा कीस मिसळा. एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात फिरवा. कीस पिशवीला चिकटेल. पिशवी पाण्यात हलवून अडकलेले वाळूचे कण झटकून टाका. मग पिशवी दुसऱ्या वाटीवर धरून आतला चुंबक काढून घ्या. कीस खाली पडेल. धरणे, धुणे, सोडणे या तिन्ही पायऱ्या झाल्या. पिशवी न वापरता नुसता चुंबक फिरवून पाहा, म्हणजे ‘सोडणे’ किती अवघड असते ते कळेल.

गळवाच्या जंतूशी स्पर्धा

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की आमिष म्हणून शेळीचीच प्रतिपिंडे का? दुसरे काही नाही का? आहे, आणि ते मिळाले आहे एका दुष्टाकडून. गळवे आणि पुळ्या उठवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या अंगावर ‘प्रोटीन ए’ नावाचे प्रथिन बाळगतो. हे प्रथिन प्रतिपिंडाला शेपटाकडून धरते. जंतूला धरण्यासाठी आलेले प्रतिपिंड असे उलटे लटकते आणि शरीराच्या शिपायांना काही सुचत नाही. १९७२ साली स्वीडिश संशोधकांनी हेच प्रथिन मण्यांवर लावून प्रतिपिंडे शुद्ध केली. हे मणी टिकाऊ असतात, आम्लाला पुरून उरतात, आणि सशाची व माणसाची बहुतेक प्रतिपिंडे उत्तम धरतात. औषधांच्या कारखान्यांत आज मुख्यतः हीच पद्धत चालते.

मग दुय्यम प्रतिपिंडांचे मणी कशाला हवेत? कारण प्रोटीन ए ला आवडनिवड आहे. कोंबडीच्या प्रतिपिंडांना ते धरत नाही, शेळीच्या आणि मोठ्या पांढऱ्या उंदराच्या प्रतिपिंडांना नाखुशीने धरते. शिवाय रक्तात पाच-पाच बेचकी एकत्र बांधलेली एक अवाढव्य प्रतिपिंडांची जात असते, तिच्याशीही त्याचे फारसे जमत नाही. दुय्यम प्रतिपिंड मात्र आपण हवे त्याच्याविरुद्ध तयार करून घेऊ शकतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९७५ साली जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी केंब्रिजमध्ये उंदराची प्रतिपिंडे बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा संयोग घडवला, आणि एकाच साच्याची प्रतिपिंडे काचेच्या भांड्यात अखंड मिळू लागली. या पेशी वाढवायला जे द्रव अन्न लागते, त्यात वासराच्या गर्भाचा रक्तरस घालण्याची पद्धत आहे. त्याबरोबर गाईची प्रतिपिंडेही थोडीबहुत येतात. प्रोटीन जी नावाच्या तशाच दुसऱ्या प्रथिनाचे मणी वापरले, तर ते उंदराची आणि गाईची दोन्ही उचलतील. त्याला दोघांचे शेपूट सारखेच. पण उंदराचा गणवेश ओळखणारे आणि गाईचा न ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड मण्यावर असेल, तर तो उंदीरच उचलेल.

‘गाईचा न ओळखणारे’ हे सोपे नाही बरे का! उंदीर, गाय, माणूस हे सारे सस्तन प्राणी. त्यांच्या शेपटांचे काही भाग अगदी सारखे असतात, त्यामुळे शेळीची काही प्रतिपिंडे सगळ्यांनाच धरतात. यावर उपाय म्हणून शेळीचा माल आधी गाईच्या आणि माणसाच्या प्रथिनांचे मणी भरलेल्या स्तंभांतून जाऊ देतात. ज्यांना परक्यांचीही ओढ आहे ती प्रतिपिंडे तिथे अडकतात. खाली उतरतात ती फक्त उंदरालाच ओळखणारी. म्हणजे मण्यांनी शुद्ध केलेली प्रतिपिंडे मण्यांवर बसवून पुन्हा प्रतिपिंडे शुद्ध करायची!

या पद्धतीच्या उणिवाही सांगायला हव्यात. ही प्रतिपिंडे महाग पडतात, आणि तीही प्रथिनेच असल्याने आम्लाच्या प्रत्येक धुण्यात थोडी झिजतात. काही पकडी इतक्या घट्ट असतात की माल सुटतच नाही. मण्यांवरून शेळीचे एखादे प्रतिपिंड सुटून मालात मिसळते, आणि जेलीवर त्याचेही पट्टे नेमके पन्नास आणि पंचवीस हजारांवरच येतात. चोर आणि शिपाई एकाच वेषात! आणि शेवटचे, हे मणी प्राणी ओळखतात, प्रतिपिंडाचे काम ओळखत नाहीत. सशाच्या रक्तरसातली सगळी प्रतिपिंडे ते गोळा करतील. त्यांतून एकाच जंतूविरुद्धची हवी असतील, तर मण्यावर त्या जंतूचेच प्रथिन लावले पाहिजे.

लोखंड भरलेले मणी

स्तंभात थेंब थेंब सोडत बसण्याऐवजी मणीच द्रवात सोडून द्यावेत आणि चुंबकाने ओढून घ्यावेत, अशी कल्पना पुढे आली. पण त्यासाठी अगदी एकसारख्या आकाराचे मणी हवे होते. मोठे मणी आधी ओढले जातात, लहान मागे राहतात, मग हिशेब जुळत नाही. प्लॅस्टिकचे असे मोठे, एकसारखे मणी पृथ्वीवर करणे कठीण; वाढताना ते तरंगतात, बुडतात, एकमेकांना चिकटतात. म्हणून अमेरिकेने ते चक्क अंतराळात करून पाहिले. मार्च १९८२ मध्ये कोलंबिया यानातून यासाठी उपकरण पाठवण्यात आले, आणि अंतराळात तयार झालेले दहा मायक्रोमीटरचे मणी १९८५ साली मापनाचे प्रमाण म्हणून विक्रीस आले.

गंमत अशी, की नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे जॉन उगेलस्टाड या रसायनशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकातच एकसारखे मणी जमिनीवर करून दाखवले होते. बारीक एकसारखे कण घ्यायचे, ते प्लॅस्टिक बनवणाऱ्या द्रवात भिजत टाकून हरभऱ्यासारखे फुगवायचे आणि मग घट्ट करायचे. पुढे त्याने या मण्यांच्या छिद्रांत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरले. हे कण इतके लहान असतात, की चुंबक जवळ असेपर्यंतच ते चुंबकासारखे वागतात. तो दूर नेला की सगळे विसरून जातात. त्यामुळे मणी एकमेकांना चिकटत नाहीत.

या मण्यांवर उंदराच्या प्रतिपिंडांना धरणारी दुय्यम प्रतिपिंडे बसवून लंडनच्या डॉक्टरांनी आणि उगेलस्टाडने मिळून जे केले, ते १९८४ साली प्रसिद्ध झाले. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांना होणारा मज्जापेशींचा कर्करोग आहे. त्यावरचे जालीम औषध मुलाच्या हाडांतला मगजही मारून टाकते, म्हणून मगज आधीच काढून ठेवतात आणि नंतर परत देतात. पण काढलेल्या मगजातच कर्करोगाच्या पेशी लपलेल्या असल्या तर? त्यांनी मगजात कर्करोगाच्या पेशींना धरणारी उंदराची प्रतिपिंडे घातली, जादा धुऊन टाकली, मग हे मणी मिसळले आणि सारे मिश्रण चुंबकांजवळून वाहू दिले. मण्यांनी उंदराची प्रतिपिंडे धरली, त्यांनी कर्करोगाच्या पेशी धरलेल्या; सगळे मिळून नळीच्या भिंतीला जाऊन चिकटले. पुढे गेला तो मुलाला परत द्यायचा मगज.

अशी सफाई केल्याने मुले खरोखर जास्त वाचतात का, याची मोठी चाचणी नंतर अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात मगजाऐवजी रक्तातून गोळा केलेल्या मूळ पेशी वापरल्या होत्या. सफाई केलेल्या आणि न केलेल्या पेशी मिळालेल्या मुलांमध्ये रोग उलटण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. कर्करोगाच्या पेशी बहुधा शरीरातच मागे राहिलेल्या असतात. बाहेर काढलेल्या पेशी कितीही धुतल्या तरी त्यांना काही होत नाही.

मणी मात्र राहिले. प्रयोगशाळांत आज छोट्या नळीत थेंबभर तपकिरी मणी टाकून, नळी चुंबकाच्या खाचेत ठेवून, मिनिटभरात प्रतिपिंडे वेगळी करतात. घरात कोणाच्या थायरॉइडची रक्ततपासणी झाली असेल, तर मोठ्या रुग्णालयांतल्या पुष्कळ यंत्रांत ती अशाच प्रतिपिंड लावलेल्या चुंबकी मण्यांवर होते. रक्तातले संप्रेरक मण्यांना चिकटते, चुंबक त्यांना नळीच्या कडेला ओढून धरतो, बाकीचे रक्तरस धुऊन जाते, आणि उरलेल्या मण्यांतून निघणारा मंद प्रकाश यंत्र मोजते.